किन्तेत्सु बफेलोजचं विलीनीकरण, 2004: दोन संघ, एक संप आणि दारात उभं असलेलं गिऱ्हाईक

13 जून 2004 च्या रविवारी जपानच्या निक्केई या अर्थविषयक दैनिकाने बातमी फोडली. ओसाकाचा किन्तेत्सु बफेलोज आणि कोबेचा ओरिक्स ब्लूवेव्ह हे पॅसिफिक लीगमधले दोन व्यावसायिक बेसबॉल संघ एक होणार होते. खेळाची एवढी मोठी बातमी क्रीडा दैनिकांच्या आधी शेअर-भावांच्या पेपरात आली, यात बरंच काही आलं. मालकांच्या लेखी हा प्रश्न ताळेबंदाचाच होता. पुढच्या पाच महिन्यांत त्याचं जे काही झालं, ते मात्र ताळेबंदात मावणारं नव्हतं.

हे प्रकरण बहुधा 'मालक विरुद्ध खेळाडू, आणि खेळाडूंचा विजय' अशा थाटात सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. विलीनीकरण थांबलं नाही. किन्तेत्सु बुडाला तो बुडालाच. संपाने साधलं ते वेगळंच होतं, आणि माझ्या मते जास्त टिकाऊ होतं.

आधी मांडणी समजून घेऊ. जपानी व्यावसायिक बेसबॉलमध्ये सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग आहेत आणि 1958 पासून दोन्हींत सहा-सहा संघ. आपल्याकडे आयपीएलचा संघ शहराच्या नावाने ओळखला जातो, तिथे तो मालक कंपनीच्या नावाने ओळखला जातो. योमिउरी म्हणजे वृत्तपत्र, हानशिन म्हणजे रेल्वे, याकुल्ट म्हणजे छोट्या बाटलीतलं आंबवलेलं दूध. किन्तेत्सु ही ओसाका, नारा आणि नागोया जोडणारी खासगी रेल्वे कंपनी. जपानच्या खासगी रेल्वे रूळ टाकतात, रुळांच्या टोकाला दुकानं उभारतात, मधल्या जमिनीवर घरं विकतात आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना गाडीत बसवायला बेसबॉलचा संघ पाळतात. कान्साई भागात एकेकाळी अशा चार रेल्वेंचे चार संघ होते: हानशिन, हानक्यू, नानकाई आणि किन्तेत्सु. 1988 साली नानकाईने आपला संघ दाइएई या सुपरमार्केट साखळीला विकला आणि हानक्यूने आपला ओरिएंट लीजिंगला, म्हणजेच पुढच्या ओरिक्सला.

हा धंदा आतबट्ट्याचा, तरी अनेक दशकं चालला. त्याचं मोठं कारण एका सरकारी परिपत्रकात सापडतं. 1954 साली जपानच्या राष्ट्रीय कर विभागाने मान्य केलं की संघाचा तोटा भरून काढायला मूळ कंपनीने दिलेला पैसा जाहिरात खर्च म्हणून दाखवता येईल. तोट्याला असं सोयीचं खातं मिळाल्यावर तो कमी करण्याची घाई कुणाला? तिकिटं खपवणं, मैदानात बरं खायला मिळणं, मुलांना खेळाकडे ओढणं ही कामं दुय्यम ठरली. संघ चालवायला आलेले अधिकारी बरेचदा मूळ कंपनीतून काही वर्षांसाठी धाडलेले असत आणि त्यांचं लक्ष परतीच्या बढतीकडे असे.

दुसरं कारण योमिउरी जायंट्स. टोकियोचा हा संघ देशातल्या सर्वात मोठ्या खपाच्या वृत्तपत्राचा, आणि त्याचे सामने देशभर टीव्हीवर दिसत. सेंट्रल लीगमधल्या इतर पाच संघांना जायंट्स आपल्या घरी खेळायला आले की प्रत्येक सामन्यामागे प्रक्षेपणाचे सुमारे 10 कोटी येन मिळत, आणि मोसमात अशा तेरा-चौदा लढती होत. पॅसिफिक लीगच्या वाट्याला जायंट्स येतच नव्हते. दोन लीगमधले संघ त्या काळी मोसमात एकमेकांशी खेळत नसत, भेट व्हायची ती थेट अंतिम जपान सिरीजमध्ये. म्हणजे खेळ एकच, नियमही जवळपास तेच, पण एका घरात दिवाळी आणि शेजारी उपास.

किन्तेत्सुची अवस्था या उपाशी घरातही वाईट होती. संघाचा वार्षिक तोटा 400 कोटी येनच्या घरात होता आणि मूळ रेल्वे कंपनीवर लाखभर कोटी येनहून अधिक कर्ज होतं. 1997 मध्ये संघ फुजिइदेराचं जुनं मैदान सोडून नव्याकोऱ्या ओसाका डोममध्ये, म्हणजे छप्पर असलेल्या मैदानात, गेला. डोम त्याच्या मालकीचा नव्हता. भाडं भरायचं आणि आतल्या कमाईचा मोठा भाग दुसऱ्याच्या खिशात जाताना बघायचा, असा तो व्यवहार. जानेवारी 2004 च्या अखेरीस कंपनीने संघाच्या नावाचे हक्क विकायचं जाहीर केलं. इतर मालकांनी, विशेषतः योमिउरीने, असा गहजब केला की आठवडाभरातच तो बेत गुंडाळावा लागला. संघाचं नाव ही पवित्र गोष्ट आहे, असा पवित्रा सगळे संघ मुळात जाहिरातफलक असलेल्या देशात घेतला गेला!

मग उरलं विलीनीकरण. ओरिक्सचे मालक मियाउची योशिहिको यांचाही संघ तोट्यात होता. 1995 आणि 1996 ची विजेतेपदं जिंकून देणारा इचिरो सुझुकी 2001 मध्ये अमेरिकेत गेला आणि कोबेच्या मैदानातली गर्दी ओसरली. दोन तोटे एकत्र केले की खर्च निम्मा होतो, हे गणित वातानुकूलित खोलीत बसून पटण्यासारखंच होतं.

पण 12 चे 11 झाले की पॅसिफिक लीगमध्ये पाच संघ उरतात. पाचांचं वेळापत्रक बसत नाही, रोज एक संघ रिकामा. म्हणून दुसरं विलीनीकरण हवं, आणि चार संघांची लीग चालत नाही म्हणून मग दहा संघांची एकच लीग हवी. 7 जुलैच्या मालकांच्या बैठकीत सेइबु लायन्सचे मालक त्सुत्सुमि योशिआकी यांनी सांगून टाकलं की पॅसिफिकमध्ये आणखी एका विलीनीकरणाची बोलणी चालू आहेत. आता खेळ उघडा पडला. एका कर्जबाजारी रेल्वेच्या अडचणीचं निमित्त करून सगळ्या खेळाची मांडणीच बदलायची, आणि पॅसिफिकच्या उरलेल्या संघांना जायंट्सच्या ताटात बसवायचं.

इथेच मालकांच्या गोटात माशी शिंकली. एक लीग झाली तर सेंट्रलच्या पाच संघांच्या जायंट्सबरोबरच्या लढती कमी होणार होत्या. लढत कमी म्हणजे प्रक्षेपणाचा पैसा कमी. हानशिन टायगर्सचे अध्यक्ष नोझाकी कात्सुयोशी यांनी उघडपणे दोन लीगची बाजू घेतली आणि सेंट्रलमधले जायंट्स वगळता इतर संघ हळूहळू त्यांच्या मागे गोळा झाले. तत्त्व आणि पोट एकाच दिशेला ओढत असतील तर माणूस तत्त्वासाठी जोरात बोलतो. त्यात वावगं काही नाही, फक्त नोंद असावी. संपाच्या कथेत नोझाकींचं नाव फारसं येत नाही, पण मालकांची एकी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा फुटली.

गिऱ्हाईक

30 जूनला आणखी एक गोष्ट घडली होती. लाइव्हडोअर या इंटरनेट कंपनीचा 31 वर्षांचा अध्यक्ष होरिए ताकाफुमी याने जाहीर केलं, की किन्तेत्सु बफेलोज मी विकत घ्यायला तयार आहे. टाय न बांधता टी-शर्टात फिरणारा, बोलायला फटकळ असा हा गडी. किन्तेत्सुने त्याच्याशी नीट बोलणीसुद्धा केली नाहीत. योमिउरी जायंट्सचे मालक वातानाबे त्सुनेओ यांनी तर आपल्याला माहीत नसलेल्या माणसाला आत घेता येणार नाही, अशा अर्थाचं बोलून दाखवलं.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. महिनाभर लोकांना ऐकवलं जात होतं की संघाला कुणी वाली नाही, विलीनीकरणावाचून गत्यंतर नाही. आणि वाली तर दारात उभा! नियमही असे होते की बाहेरच्याने उंबरठाच ओलांडू नये. चालू संघ विकत घेऊन नव्याने आत येणाऱ्याला 300 कोटी येन प्रवेशशुल्क, नवा संघ काढणाऱ्याला 600 कोटी, आणि वर मालकांची संमती. ही रक्कम परत न मिळणारी. तोट्याच्या धंद्यात शिरण्यासाठी एवढा दंड भरायला कोण येणार? होरिए पुढे 2006 मध्ये शेअर बाजारातल्या गैरव्यवहाराप्रकरणी अटकेत गेला, तेव्हा वातानाबेंचं खरं ठरलं असं म्हणणारे निघाले. ते मला पटत नाही. 2004 मध्ये त्याची झडती कुणी घेतलीच नव्हती. दार बंद होतं म्हणून तो बाहेर राहिला. शिवाय एकाच लीगची वाट दाखवणारे त्सुत्सुमि मार्च 2005 मध्ये, म्हणजे त्याच्याही आधी, रोखे कायद्याच्या भंगाबद्दल अटकेत गेले होते. 'ओळखीची माणसं' ही कसोटी किती भरवशाची, ते त्यावरून कळावं.

8 जुलैच्या रात्री वातानाबेंना वार्ताहरांनी गाठलं. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष फुरुता आत्सुया मालकांना भेटू इच्छितो, यावर काय म्हणणं? उद्धटपणा नको, पायरी ओळखावी, शेवटी ते नुसते खेळाडू, अशा आशयाचं उत्तर आलं. 'नुसते खेळाडू' हे शब्द दुसऱ्या दिवशी देशभर झाले. त्याच बोलण्यातला पुढचा भाग कमी उद्धृत होतो. मालकांशी बरोबरीने बोलायला खेळाडूंना बेसबॉलच्या करारनाम्यात काही आधारच नाही, असंही ते म्हणाले होते. पहिलं वाक्य अपमानाचं. पण दुसरं कायद्याचं होतं, आणि ते चुकीचं होतं. संघटनेला 1985 पासून कामगार संघटना म्हणून मान्यता होती.

ऑगस्टमध्ये वातानाबे मालकपदावरून उतरले, पण या वादामुळे नव्हे. जायंट्सने मेजी विद्यापीठाच्या एका पिचरला (म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला) सुमारे 20 लाख येन नियमबाह्य दिल्याचं उघड झालं आणि 13 तारखेला त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्याच पिचरला पैसे दिल्यावरून योकोहामा आणि हानशिनच्या मालकांनाही जावं लागलं. ऐन भांडणात मालकांच्या बाजूचा सर्वात दणकट आवाज असा भलत्याच दाराने बाहेर पडला.

फुरुता

फुरुता म्हणजे टोकियोच्या याकुल्ट स्वॅलोजचा कॅचर, फलंदाजामागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा, वय 39. जाड भिंगांचा चष्मा लावणारा कॅचर चालणार नाही म्हणून विद्यापीठातून बाहेर पडताना कुठल्याच संघाने त्याला निवडलं नव्हतं. दोन वर्षं कंपनीच्या हौशी संघात खेळून, 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन तो व्यावसायिक झाला. पिचरच्या चाळीस-पन्नास चेंडूंचा हिशेब डोक्यात ठेवणं आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणं हे कॅचरचं कामच. त्या उन्हाळ्यात तो दिवसा सूट घालून वाटाघाटींना बसे आणि संध्याकाळी चिलखत चढवून होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी. तरी त्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी .300 च्या वर, म्हणजे उत्तम फलंदाजाची, राहिली.

संघटनेची मुख्य मागणी साधी होती: विलीनीकरण एक वर्ष पुढे ढकला, तोवर चर्चा करू, गिऱ्हाईक पाहू. प्रत्येक संघात जास्तीत जास्त 70 नोंदणीकृत खेळाडू. दोनाचा एक झाला की तितक्या जागा कायमच्या गेल्या. खेळाडूंनी रस्त्यावर उभं राहून सह्या गोळा केल्या, त्यांचा आकडा 10 लाखांवर गेला. ऑगस्टअखेर संघटना कोर्टात गेली. 3 सप्टेंबरला टोकियो जिल्हा न्यायालयाने आणि 8 सप्टेंबरला उच्च न्यायालयाने मनाई हुकूम द्यायला नकार दिला. कागदावर दोन्हीकडे हार. पण उच्च न्यायालयाने निकालातच मान्य केलं की या संघटनेला सामूहिक वाटाघाटीचा हक्क आहे, आणि मालकांच्या बाजूने प्रामाणिक बोलणी झालेली नाहीत असाही शेरा मारला. वातानाबेंच्या 'आधार नाही'ला इतकं थेट उत्तर दुसरं मिळालं नसतं. त्याच 8 तारखेला मालकांच्या बैठकीत विलीनीकरण मंजूर झालं. दुसरी जोडी, पॅसिफिकमधलेच दाइएई आणि लोत्ते, मात्र जमलीच नाही.

खेळाडूंनी सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी संपाचा इशारा दिला होता. 10 सप्टेंबरला ओसाकात तात्पुरता समझोता झाला आणि पहिल्या शनिवार-रविवारचा संप टळला. पत्रकार परिषदेनंतर संघांच्या बाजूचे मुख्य वाटाघाटीकार, लोत्ते मरीन्सचे सेतोयामा र्‍युझो, यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. फुरुताने तो घेतला नाही. जिथे नमस्काराला किती वाकायचं याचेही संकेत आहेत, त्या देशात कॅमेऱ्यांसमोर पुढे आलेला हात तसाच राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. बोलणी संपलेली नाहीत, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

खरोखरच संपली नव्हती. 16-17 सप्टेंबरला घोडं एका वर्षावर येऊन अडलं. विलीनीकरण होणारच हे खेळाडूंनी एव्हाना ओळखलं होतं. आता त्यांचं म्हणणं, त्या जागी नवा संघ 2005 च्या मोसमापासून घ्या. मालक म्हणत, छाननीला वेळ लागतो, 2006 पाहू. वरकरणी किरकोळ वाटणारा हा फरक होता. पण 2005 चा मोसम 11 संघांनिशी सुरू झाला असता तर 'पाच संघांची लीग चालत नाही' हे सिद्ध करायला एक आख्खं वर्ष मालकांना मिळालं असतं, आणि एकाच लीगचा बेत मागच्या दाराने परत आला असता. फुरुता तिथेच अडून बसला. त्या रात्री टीव्हीवर चाहत्यांची माफी मागताना त्याला रडू आवरलं नाही.

18 आणि 19 सप्टेंबर 2004. जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या सुमारे 70 वर्षांतला पहिला संप. 12 सामने रद्द. खेळाडू घरी बसले नाहीत. ठिकठिकाणी सह्या देण्याचे, मुलांना खेळ शिकवण्याचे कार्यक्रम त्यांनी केले. मुंबईच्या गिरणी संपाच्या आठवणींवर वाढलेल्या आपल्याला कोट्यधीश संपकऱ्यांमागे जनता उभी राहिलेली पाहणं विचित्र वाटेल. उभी राहिली, हे खरं. याचं श्रेय फुरुताच्या अश्रूंइतकंच मालकांच्या जिभेलाही द्यायला हवं.

23 तारखेला मालक नमले. 2005 मध्ये दोन्ही लीगमध्ये सहा-सहा संघ राहावेत यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करू, असं लेखी झालं. 300 आणि 600 कोटींचं शुल्क रद्द झालं. त्या जागी सुमारे 300 कोटींचीच रक्कम आली, पण त्यातले 250 कोटी अनामत, दहा वर्षं टिकलात तर परत. आणि दोन लीगमधले सामने 2005 पासून सुरू करायचं ठरलं. जायंट्सच्या ताटातला घास पॅसिफिकला मिळाला, तोही लीग न मोडता.

मयत आणि वारस

दुसऱ्या दिवशी, 24 सप्टेंबरला, किन्तेत्सु ओसाका डोममध्ये घरचा शेवटचा सामना खेळला आणि जादा डावात 3-2 असा जिंकला. 27 तारखेला त्याचा अखेरचा सामना झाला तो कोबेत, ओरिक्सशीच. मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नाशिदा मासाताका यांनी खेळाडूंना सांगितलं, की तुमच्या सगळ्यांच्या पाठीवरचे नंबर हे किन्तेत्सुचे कायमचे राखीव नंबर आहेत. थोर खेळाडूचा नंबर निवृत्त करण्याची बेसबॉलमध्ये रीत आहे, इथे अख्खा संघच निवृत्त होत होता. ज्याने कधीही जपान सिरीज जिंकली नाही असा 12 संघांतला हा एकटाच. 2001 मधलं लीगचं शेवटचं विजेतेपद त्याने कसं मिळवलं होतं? नवव्या डावात 2-5 ने मागे असताना बदली फलंदाज कितागावा हिरोतोशीने भरल्या बेसवर होम रन मारून, म्हणजे एकाच फटक्यात चार धावा काढून, 6-5. समोर ओरिक्स होता.

नव्या जागेसाठी होरिएचं लाइव्हडोअर आणि मिकितानी हिरोशी यांचं राकुतेन अशा दोन इंटरनेट कंपन्या उतरल्या. दोघींनी सेंदाई शहर निवडलं, लाइव्हडोअरने आधी. 2 नोव्हेंबरला मालकांनी राकुतेनला पसंत केलं. मिकितानी सूट-टायमध्ये येत आणि वडीलधाऱ्यांचा मान राखत. आर्थिक ताकदही राकुतेनचीच जास्त, हे खरं. पण सेंदाईची कल्पना ज्याची, त्याच्या तोंडाला पानं पुसली गेली अशी भावना तिथे बराच काळ होती.

खेळाडूंची वाटणी झाली. ओरिक्सने आधी आपल्याला हवे ते 25 राखले, मग राकुतेनने 20 घेतले, मग पुन्हा ओरिक्सने. उरल्यासुरल्यांतून उभा राहिलेला राकुतेन गोल्डन ईगल्स 26 मार्च 2005 ला पहिला सामना 3-1 असा जिंकला. पिचर होता इवाकुमा हिसाशी, किन्तेत्सुचा हिरा. ओरिक्सने त्याला राखून ठेवलं होतं, तो गेला नाही, आणि शेवटी त्याला राकुतेनकडे सोपवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तोच संघ लोत्तेकडून 0-26 असा हरला. मोसमअखेर 38 विजय, 97 पराभव.

आणि तरी राकुतेनचा ताळेबंद पहिल्याच वर्षी नफ्यात आला! लीगमधला सर्वात वाईट संघ, 97 पराभव, आणि नफा. कारण त्यांनी सेंदाईतलं मियागी प्रांताचं जुनं मैदान स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून चालवायलाच घेतलं होतं. तिकीट, बिअर, बेंतो म्हणजे जेवणाचे डबे, भिंतीवरच्या जाहिराती, सगळं संघाच्या गल्ल्यात. किन्तेत्सुला ओसाका डोममध्ये हेच कधी मिळालं नव्हतं. खेळाडूंच्या पगारांमुळे संघ बुडतात, ही मालकांची तक्रार इतकी वर्षं चालू होती. भाडेकरू असल्याने संघ बुडतात, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात आलं होतं. ओसाका डोम चालवणारी कंपनी 2005 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तो ओरिक्सच्याच हाती आला. नंतर दाइएईच्या संघाची नवी मालक असलेल्या सॉफ्टबँकने फुकुओकाचा डोम घेतला, होक्काइदोच्या निप्पोन हॅमने सप्पोरोच्या भाड्याच्या डोममधून बाहेर पडून 2023 मध्ये स्वतःचं मैदान उघडलं.

विलीन झालेल्या संघाचं नाव ओरिक्स बफेलोज. त्याला सांधायला ओगी आकिरा यांना बोलावलं. किन्तेत्सुला 1989 चं आणि ओरिक्सला 1995-96 चं विजेतेपद त्यांनीच मिळवून दिलं होतं. ते एक मोसम सांभाळून डिसेंबर 2005 मध्ये वारले. किन्तेत्सु रेल्वेचा 20 टक्के हिस्साही 2007 नंतर संपला. जुने किन्तेत्सुवाले या नव्या संघाकडे कित्येक वर्षं सावत्र घराकडे पाहावं तसे पाहत. लीगचं पहिलं विजेतेपद यायला 2021 उजाडलं, आणि 2022 मध्ये बफेलोज हे नाव लावणाऱ्या संघाने पहिल्यांदाच जपान सिरीज जिंकली. राकुतेनने ती 2013 मध्येच जिंकली होती, सातव्या सामन्यात, योमिउरी जायंट्सला हरवून.

12 चा आकडा आजही 12 च आहे. 2014 मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने तो 16 करावा अशी सूचना केली, ती फायलीतच राहिली. 2024 मध्ये निईगाता आणि शिझुओका इथले दोन नवे संघ घेतले गेले, पण ते दुय्यम लीगमध्ये. वरच्या लीगमध्ये कुणाला घ्यायचं, याचा शेवटचा शब्द मालकांच्या बैठकीकडेच आहे.